पापणी

प्लास्टर निघालं संक्रांतीला.
हाड जुळलंय, म्हणाले, फोटो चांगला आलाय.
फोटो चांगला असून काय करू,
हात माझा राहिला नव्हता.
वैशाखात सोलापूर चव्वेचाळीसवर
आणि माझा उजवा पंजा निळसर,
माठाखालच्या फरशीसारखा गार.

पदर लागला तरी ठणका.
पंख्याचा वारा लागला तरी.
विडी घरकुलात कुणाला सांगू की वारा टोचतो?
मुनीम म्हणाला, कार्ड चालू ठेवायचंय ना अम्मा, मग पानं न्या.
तेव्हापासून माझं कार्ड सुनेच्या बोटांवर चालतं.

हलकुडे डॉक्टरबाईंनी कागदावर मान काढली,
मानेत एक बारीक गाठ, चांदणीसारखी.
"हाड कधीच गप्प झालंय. ही अजून ओरडतेय."
मग सुई हाताला का नाही, मी विचारलं.
"पंखा वर असतो, अम्मा. बटण भिंतीत."

हलायचं नाही. गिळायचं नाही. बोलायचं तर नाहीच.
पडद्यावर माझ्या गळ्याचं राखाडी कापड
आणि त्यात सुईचा एकच पांढरा धागा.

जरा वेळानं उजवी पापणी खाली आली,
नाक चोंदलं, आवाज घोगरा.
मी घाबरले, अर्धांगच म्हटलं.
बाई हसल्या: "पापणी पडली, म्हणजे बरोबर लागलं."
असलं कसलं शास्त्र,
डोळा पेंगला की हात जागा होतो!

करंगळीपासून ऊब चढत गेली.
नर्सनं टॉवेल दिला, घासा म्हणाली.
आपल्याच गावचा टॉवेल, खरबरीत.
घासला.
कापड लागलं. नुसतं कापड.

"तीन-चार तास मिळतील. तेवढ्यात हात चालवा."
घरी येऊन सूप ओढलं नाही मी, कात्रीही नाही.
भार्गवीला हाक मारली.
ती डावीकडून आली,
पाच महिन्यांत पोरीला तेवढं वळण लागलेलं.
इकडून ये गं, म्हटलं. धर.
तिनं आधी एकच बोट धरलं.

रात्री ठणका आलाच.
येणार हे बाईंनी सांगितलंच होतं,
पण मी मोजत बसले होते:
काल पदर लागताच यायचा,
आज सुनेचे एकोणीस कट्टे बांधून होईस्तोवर
त्याला वाट सापडली नाही.

पापणी आता वर गेली आहे.
पुढची सुई मंगळवारी.