धाब्याची जाडी

शिंदखेड्याला उतरले तेव्हा पिशवीत सहा सेन्सर होते
बत्ताशाएवढे,
आणि लॅपटॉपमध्ये एक घर.
करड्या भिंती, दार म्हणजे नुसती चौकट,
धाब्याची जाडी पंचवीस सेंटीमीटर
जुन्या सर्व्हेच्या कागदावरून,
आणि आत बिनतोंडाचा एक माणूस:
बसून हलकं काम, शंभर वॅट.

खरं घर बुराईच्या कोरड्या पात्राशी.
शंभर वॅट म्हणजे केवळबाई,
दोंडाईच्याहून आलेल्या मिरचीच्या ढिगाशी
सकाळपासून देठ खुडत बसलेली.
हलकं काम.
मी दारातच दोनदा शिंकले,
तिसऱ्यांदा डोळे धुवायला मोरीकडे पळाले.

"काय मोजस वं बाई तू?"
ऊन, म्हटलं.
बुराईतलं पाणी मोजायला आल्यासारखं
तिनं माझ्याकडे बघितलं,
आणि शिडी आणून दिली.

दोन सेन्सर भिंतींना, दोन वर, एक दाराबाहेर,
आणि चार नंबरचा मधल्या खुंटीला.
दर दहा मिनिटांनी एक आकडा,
वैशाखाचे एकवीस दिवस.

धुळ्याला परत येऊन रेषा काढल्या.
मॉडेल म्हणे, दुपारचं ऊन माती ओलांडून
रात्री दहाला घरात उतरतं.
सेन्सर म्हणे, पहाटे पाचला.
सात तासांची चूक.
खिडक्या उघडल्या, मिटल्या, वारा वाढवला,
मातीचा रंग बदलून पाहिला,
रेषा काही केल्या एकमेकींकडे बघेनात.
मग उगाच, दुसरं काही सुचेना म्हणून,
धाबं जाड करत गेले.
तीस. पस्तीस. चाळीस.
शेहेचाळीसला दोन्ही
अबोला सुटलेल्या जावांसारख्या
एका सतरंजीवर येऊन बसल्या.

पण वरचे एकवीस सेंटीमीटर आले कुठून?

"दर सालले दोन बोट माटी टाकतस," केवळबाई म्हणाली,
"आखाजी झायी का.
एक बोट पानी ली जास."
हात मिरचीतच होते.
मी वहीत बोटं मोजली.
सर्व्हे चौदा वर्षांपूर्वीचा, बोटं भरली बारा.
चौदा हवीत ना, विचारलं.
ती थांबली. देठ हातातच.
"सासरा गया त्या सालले
कोनी वर चढनं नही."
म्हणजे तेरा वर्षांची भर,
आणि एक वर्ष नुसता पाऊस.
तेरातून एक गेला, बारा.
गणित इतकं बरोबर आलं
की मला पेनाचं टोपण लावता येईना.

राहिला चार नंबर.
रोज दुपारी एकला सात अंश खाली,
चारला पुन्हा वर,
एकवीस दिवस, न चुकता.
मॅडम म्हणाल्या, बिघडलाय, वगळ.

काढायला गेले तर खुंटी रिकामी.
सेन्सर माठाच्या तिवईखाली,
ओल्या फडक्यात गुंडाळलेला,
तान्ह्या पोरासारखा.
"तेले बी गरमी व्हस ना," ती म्हणाली,
"सांजले परत टांगी देस मी."

अहवालात वगळलेल्या आकड्यांसाठी एक रकाना असतो.
कारण निवडा:
बॅटरी, धूळ, सैल वायर, इतर.
'इतर'च्या पुढे दोन ओळींची जागा आहे.
तीन दिवस झाले, तिथं कर्सर लुकलुकतोय.

मॉडेल आता बरोबर चालतं,
अर्ध्या अंशाच्या आत.
त्यातला बिनतोंडाचा माणूस रात्री धाब्यावर झोपायला जातो,
हे मी नंतर भरलं.
पहाटे पाचला तो वळकटी घेऊन खाली येतो,
आणि रिकाम्या घरात, काळोखात,
कालची दुपार
नुकतीच पोचलेली असते.