बर्फखान्याची ओल

बर्फाचा कारखानाही आधी आगीनं सुकवावा लागतो,
हे मला देवगडात कळलं,
आषाढ सरत आला तेव्हा.

भिंती उभ्या होत्या, छप्पर होतं,
पण गिलाव्याचा घाम काही आटत नव्हता.
मणचेकर साहेब भिंतीला काटा टेकवायचे: एकोणीस.
बारा आल्याशिवाय रंगाचा डबा उघडायचा नाही,
आणि तिकडे नारळ पडला की ट्रॉलर सुटणार.
बर्फाविना कोण जातंय दर्यात?

मग कोल्हापुराहून टेम्पोत बसून ते यंत्र आलं.
पोटात जाळ, माथ्यावर नरसाळं,
पुढे सोंडेएवढा पत्र्याचा नळ.
सोबत चाळीस गोणी गोळ्या, दाबलेल्या भुशाच्या,
करंगळीच्या पेराएवढ्या,
कोंबड्यांच्या खाद्यासारख्या दिसायला.
धाकू कोयंडेनं एक चावून पाहिली.
"फणस आसा," म्हणाला, आणि थुंकला.

माझं काम एवढंच:
नरसाळं रिकामं पडू द्यायचं नाही.
दर दीड तासानं अर्धी गोण.
ओतताना पत्र्यावर गारांचा आवाज,
बाहेर तो ओला आणि आत हा कोरडा,
मध्ये मी, डोळ्यांत झोप घेऊन.

दुसऱ्या रात्री शांतव्वा आली, बागलकोटची,
घमेली वाहायची ती.
काही विचारलं नाही.
नळाच्या तोंडासमोर सुतळी ताणली
आणि लेकराची दुपटी टाकली.
चौथ्या रात्री सुतळीवर अख्खी साइट वाळत होती.

काटा सतरावर अडला.
साहेब धावत आले.
"कपड्यांची वाफ भिंत पिते, अक्कल आहे का?"
शांतव्वाला मराठी अर्धंच कळायचं.
तिनं दुपटं काढलं, गालाला लावून पाहिलं,
अजून दमट होतं, ते पुन्हा टाकलं.
साहेब उभे राहिले थोडा वेळ.
मग स्वतःच जाऊन समुद्राच्या उलटी खिडकी उघडली.
"दहानंतर टाका. आणि ही बंद करायची नाही."
सकाळी दोरीच्या टोकाला
त्यांचे मोजे होते.

बारा यायला अकरा दिवस लागले.
यंत्र मालवणला गेलं, दुसऱ्या कुणाच्या ओलीवर.
शांतव्वाची टोळीही त्याच आठवड्यात हलली, कुठे ते नाही कळलं.
एक गोण उरली, वळचणीखाली विसरलेली.
पाणी शिरलं तिच्यात.
उघडली तर एकही गोळी नाही,
नुसता भुसा, फुगलेला, पिवळट,
जणू कुणी त्याला कधी दाबलंच नव्हतं.

उकिरड्यावर न्यायला उचलली
तर धाकूनं हात धरला.
"टाकू नको रे तो भुसो."

पहिली लादी साच्यातून निघाली पहाटे,
आत एक पांढरी रेघ अडकलेली.
ती आम्ही त्या भुशात निजवली,
वर गोणपाट घातलं.
दुपारी बोट लागली तेव्हा
कडाही झिजल्या नव्हत्या तिच्या.