घुंगरातला खडा

आण्णांचे डोळे पिवळे झाले तेव्हा
आरशात बघून हसले ते:
"जन्मभर चांदी घडवली,
आता सोन्याचं पाणी चढलंय बघ, त्रिशला."
त्याच रात्री हुडहुडी भरली.
हुपरी ते राजारामपुरी
गाडीत माझ्या मांडीवर त्यांचा हात,
खाजवून खाजवून सोललेला.

डॉक्टर मुजावर कागदावर झाड काढतात.
खोडात तीन खडे. मोठा सोळा मिलिमीटरचा.
"तोंडातून दुर्बीण, आत बारीकसा छेद..."
आणि पेन थांबतं.
वय शहाऐंशी. हृदयात आधीच एक स्टेंट.
रक्त पातळ करायची गोळी थांबवली
तर हृदयाची भीती, चालू ठेवली तर छेदाची.
स्वादुपिंड सुजू शकतं.
आतड्याला भोक पडू शकतं.
भुलीत श्वास अडू शकतो.

तीस वर्षं मराठी शिकवलं मी.
'शकणे' : सहायक क्रियापद.
आज कळेना, ते कुणाला साहाय्य करतंय.

"काहीच नाही केलं तर?"
"ताप परत येईल. आणि तो वय विचारत नाही."

आण्णा मात्र कारागिरासारखे विचारतात,
"थोरला खडा निघंना झाला तर?"
"तर आज हट्ट नाही करायचा.
बाजूनं नळी सरकवून पित्त वाहतं करू.
खडा राहू दे आत. तीन महिन्यांनी बघू."
"बरोबर हाय. तार एका दमात वढली की तुटती.
जंत्रीचं थोरलं भोक, मग बारकं,
मधी भट्टीत तावून घ्यायची."

नात्याच्या रकान्यात मी 'मुलगी' लिहिलं.
सही वाकडी आली.

पन्नास मिनिटं.
पुण्याहून भावाचे चार फोन,
एकही उचलला नाही.
रात्रभर सिस्टर तासातासाला:
"आजोबा, पोटात दुखतंय?"
आणि ते दर वेळी,
"न्हाई बाई, झोपू दे की."

चौथ्या दिवशी लघवी फिकी झाली.
घरात ही बातमी
बारशासारखी सांगितली मी सगळ्यांना.

आता कॅलेंडरवर बावीस तारखेला गोल.
दोन खडे निघाले, थोरला आहे तिथेच.
आण्णा ओसरीवर चिमट्यानं
पैंजणाला घुंगरू लावतात,
एक कानाशी हलवून बघतात:
"आत खडा असल्याबिगर वाजत न्हाई गं."

मी हसत नाही.
थर्मामीटर झटकते,
त्यांच्या काखेत ठेवते,
घड्याळ बघते.