पाणी किती?

मारुती चौकात सन्मतीच्या टूर्सच्या दुकानात
फॉर्मवर एक रकाना होता : सोबत कोण?
मी आडवी रेघ मारली,
पाऊस नसलेल्या दिवशी रजिस्टरात मारायचे तशी,
पट्टीशिवाय सरळ.
सन्मती म्हणाला, "मावशी, केबिन दोघांचीच असते.
एकटं माणूस गेलं तरी पैसे पावणेदोन माणसांचे."
तो पाऊण माणूस कोण, मी विचारलं नाही.
मोजून दिले.

मी पूर नियंत्रण कक्षातली बाई. एकतीस वर्षं.
म्हणजे सांगलीला माझा चेहरा ठाऊक नाही,
आवाज ठाऊक आहे.
जुलै लागला की रात्रभर :
"बाई, पाणी किती?"
"आयर्विनला छत्तीस फूट चार इंच."
"चढतंय का उतरतंय?"
"चढतंय."
"कोयनेतून सोडलंय का हो? म्हशी हलवू?"
दत्तनगर, काकानगर, कर्नाळ रोड.
सूर्यवंशी प्लॉटातला एक म्हातारा तर दर तासाला.
नाव सांगायचा नाही, आधी खोकायचा,
मी खोकल्यावरच आकडा सांगून टाकायची.
चाळीसला इशारा, पंचेचाळीसला धोका.
ज्या साली सत्तावन्नच्या वर गेलं
त्या साली एका रात्री तो खोकला आलाच नाही.
मी लिहिलं : लाईन बंद.

निवृत्तीला भिंतीवरचं घड्याळ मिळालं. सेल नव्हता.

तर जहाज.
अकरा मजले, आत लिफ्ट, लिफ्टमध्ये आरसा.
मुंबई ते लक्षद्वीप आणि परत, चार रात्री.
खोलीत दोन खाटा. एकीवर मी,
दुसरीवर भडंगाचा डबा, स्वेटर, बीपीच्या गोळ्या.
दुसऱ्या रात्री वाटलं, तिचेही पैसे भरलेत की,
म्हणून सामान इकडं टाकून तिकडं निजले.
गादी तशीच होती. खिडकी जरा जवळ.

जेवायला सुरतच्या कुटुंबात बसवलं.
त्यांच्या आजी माझ्या शेजारच्या खुर्चीकडं बघत :
"यायचेत का कुणी?"
मी म्हटलं, "येतील." आणि भडंग पुढं केलं.
तिसऱ्या दिवशी आजींनीच त्या खुर्चीवर पर्स ठेवली.

त्या रात्री तीनला जाग आली.
तीनचं रीडिंग.
कुणी विचारलं नव्हतं.
फोन उचलला, नऊ दाबलं,
"बाळ, पाणी किती?"
"दोन बाटल्या फुकट आहेत, मॅडम. अजून पाठवू?"
"तसं नव्हे रे. खाली. जहाजाखाली."
नुसती खरखर. ओळखीची.
मग म्हणाला, वर विचारून सांगतो.
असं मीही म्हणायची.

दहा मिनिटांनी फोन वाजला.
जन्मात पहिल्यांदा कुणीतरी
मला फोन करून पाणी सांगत होतं :
"एकवीसशे मीटर, मॅडम."
चॉकलेटच्या कागदावर फूट केले :
सहा हजार आठशे नव्वद.
धोक्याची पातळी पंचेचाळीस.
"चढतंय का उतरतंय?" तोंडातून गेलंच.
पोरगं हसलं नाही.
"आहे तेवढंच आहे, मॅडम. झोपा तुम्ही."

आहे तेवढंच आहे.
खाली कुणाची म्हैस नव्हती,
कुणी विटांवर कपाट चढवलेलं नव्हतं,
माळ्यावर कुणी कागदपत्रं उराशी धरून बसलं नव्हतं.
मी झोपले. इतकी, की नाष्टा चुकला,
आणि बेटही जरासं.

परवा पुलावर जाऊन आले.
जानेवारीची कृष्णा, कपडे धुण्याएवढी.
पट्टीवरचे पांढरे आकडे वरपर्यंत कोरडे.
तिथूनच सन्मतीकडं गेले, पुढच्या वर्षीचं विचारायला.
पावणेदोन माणसांचे. ठाऊक आहे, म्हटलं.
त्या रकान्यात या वेळी रेघ मारली नाही,
कोराच ठेवला.

जाताना खोकल्याच्या गोळ्या न्यायच्यात.
मला खोकला नाही.