तिसऱ्या मजल्याची हवा

बडोद्याला, हरणीत, आमच्या अगाशीवर
चार खांबांच्या सोळा सळया अजून उभ्या आहेत.
गंजून लाल. टोकांना पालथ्या प्लास्टिकच्या बाटल्या,
कुणाच्या डोळ्यात जाऊ नयेत म्हणून.

अप्पांनी त्या सोडल्या होत्या हेरंबसाठी.
खाली दुकान, मधे मी, वर तो:
रेल्वेच्या गुड्स ऑफिसात जन्म काढलेल्या माणसाचा हिशोब,
डब्याडब्यावर चिठ्ठी.

मग विमानतळाचं पत्र आलं.
मागितली होती ना हरकत, आली हरकत.
सोबत एका नरसाळ्याचं चित्र
आणि नरसाळ्याच्या पोटात आमचं घर,
लाल शाईचं टिंब.
एक मीटर ऐंशी सेंटिमीटर
आम्ही आकाशात घुसत होतो म्हणे.

अप्पा भांडले नाहीत. त्यांनी बांबू आणला,
सळईला सुतळीनं आवळला,
टोकाला आईच्या जुन्या परकराचं फडकं,
म्हणजे तिसरा मजला इथपर्यंत.
आणि खुर्ची टाकून बसले
मुंबईच्या विमानाची वाट बघत.

आधी ज्योत्स्नाबेनचा कुत्रा गप्प झाला.
मग टाकीतलं पाणी शहारलं.
मग धुरकट उजेडात दोन दिवे,
पुढे न येणारे, नुसतेच मोठे होत जाणारे,
आणि एकदम
पोट.
पांढरं, खिळ्याखिळ्यांचं, तेलाचे ओघळ आलेलं,
चाकं लोंबती, न फिरणारी,
बगळा तळ्यावर उतरताना पाय सोडतो तशी.
फडकं ताठ झालं. सोळाच्या सोळा बाटल्या खडखडल्या.
रॉकेलसारखा वास खाली आला, सावकाश, विमान गेल्यावर.

‘बघ,’ अप्पा म्हणाले, ‘मधे अजून दोन नारळ राहतात.’
नारळ म्हणजे झाडं. एकावर एक.
सरकारला कोण सांगणार.

बांबू दोन उत्तरायण टिकला,
दुसऱ्याला कुणाच्या तरी मांज्यात गुंतून मोडला.
तोवर हेरंब शारजाला होता.
मग हॅलिफॅक्स.
अप्पा गेले तेव्हा तिकडे बर्फानं धावपट्टी बंद.

आता सांगायला हरकत नाही:
ते पत्र आलं त्या रात्री मी चांगला झोपलो.
डोक्यावर कुणाची पावलं नको होती मला,
खुर्च्या सरकवणं, पहाटेची मोटर,
जिन्यात दुसऱ्या बाईच्या चपला.

आणि आता रोज नऊ वेळा
सत्तर टनांचं काहीतरी डोक्यावरून जातं,
ताटातली वाटी सरकते,
बोलणं अर्धं राहतं, पुढे तिथूनच सुरू होतं.
सवय झाली.

हेरंब येतो तीन-चार वर्षांनी, दिल्लीहून, रात्रीच्या विमानानं,
डावीकडची खिडकी मागून घेतो.
शर्वरीला टॉर्च मारायची नाही म्हणून सांगितलंय,
पायलटला त्रास होतो,
तर ती अगाशीच्या दिव्याखाली
पिवळी चादर हलवत उभी राहते.
दोन नारळ वर,
पट्टा बांधून, खुर्ची सरळ करून,
तिचा काका स्वतःच्या खोलीवरून जातो.
दीड सेकंद.
मी मोजलंय.

पाऊण तासानं रिक्षा थांबते, बॅगा उतरतात.
‘दिसली का चादर?’
‘नाही गं, पंख आला मधे.’
दरवेळी पंखच येतो.

चहा निवत ठेवून तो वर जातो. मीही.
एका सळईला हलवून बघतो, दात हलवावा तसा,
म्हणतो, पक्की आहे रे अजून.
मी काय बोलणार.
कुत्रा गप्प होतो.
शेवटचं विमान येतं, उशिरा निघालेलं,
आणि आम्ही दोघं, पन्नाशी उलटलेले,
अजूनही मान खाली घालतो.