दुसरा स्लॉट

यादी लिहिली मागच्या वर्षीच्या कॅलेंडरवर,
फेब्रुवारीच्या पाठीमागे.
वर एकच आकडा, दोनदा अधोरेखित: अठ्ठावीस हजार.
अकरा पोरांना शिकवलेली नववीची भूमिती,
अधिक आईनं न सांगता डब्याखाली ठेवलेले दीड हजार.

प्रोसेसर आठ हजार नऊशे. मदरबोर्ड सहा हजार दोनशे.
इथवर हात अडला नाही.
ग्राफिक्स कार्ड लिहिलं, पुढं किंमत लिहिली,
आणि भाव ऐकल्यावर मेथीची जुडी
परत टोपलीत ठेवतात तसं
अलगद खोडलं.

रॅमची एक पट्टी एकोणीसशे.
मला दोन हव्या होत्या.
घरांचे नकाशे काढायचे तर दोन लागतात;
आयटीआयच्या मशीनवर पाहिलंय मी,
जिन्याचा छेद घेताना पडदा कसा पांढरा पडतो,
बोलता बोलता वाक्य विसरल्यासारखा.

बाबांना रॅम कळत नाही.
एकतीस वर्षं भुसावळच्या लोको शेडात
इंजिनांच्या पोटात डोकं घालून काढली त्यांनी.
यादीवरून त्यांचं बोट थेट तळाला आलं:
एसएमपीएस, नऊशे.
"हे काय?"
भिंतीतली वीज घेतो, म्हटलं, आणि सगळ्यांना वाटतो.
"म्हणजे पंगतीतला वाढपी. अन् तोच सगळ्यात स्वस्त?"
पेन्सिल मागितली.
"आधी भार मोजायचा, वैजू. मग वायर घ्यायची."
एकेका वस्तूपुढं वॉट मांडत गेले,
बेरजेवर निम्मी आणखी चढवली
(दुपारी एकशेसत्तर, रात्री दोनशेसाठ,
आपली वीज काय सरळ चालते का भो)
आणि नऊशे खोडून लिहिलं: चौतीसशे.

अडीच हजारांचा फरक.
त्यात माझी दुसरी पट्टी गेली, वर सहाशे गेले.
दोन दिवस मी त्यांच्याशी धड बोलले नाही.

जळगावला गोलाणी मार्केटात
बोथरांचा मुलगा काचेचं कॅबिनेट दाखवत होता,
आतून जांभळं, मग हिरवं, मग निळं.
"राहता कुठं ताई?"
भुसावळ म्हटल्यावर त्यानं काच गुपचूप मागं सारली
आणि जाळीचं पुढं ओढलं.
"काच पाहायला. जाळी जगायला."
तेवीसशे.

मॉनिटर यावल रोडवरच्या असलमभाईंकडून, दोन हजार,
त्यांच्या बंद पडलेल्या सायबर कॅफेतला.
कडेला कुणीतरी कर्कटकानं कोरलेलं: 'सुने'.
पुढची अक्षरं कोरायच्या आत
त्याचा अर्धा तास संपला असेल.

रविवारी, कूलर बंद ठेवून, बाजेवर सगळं मांडलं.
बाबांनी कपाळाला पंचा बांधला,
घाम बोर्डावर पडू नये म्हणून.
"आधी नळाला हात लाव," ते म्हणाले, "अंगातली वीज जाऊ दे."
प्रोसेसर मी ठेवला. दाबायचा नसतो तो, नुसता ठेवायचा.
बटण दाबलं.
पंखे फिरले. पडदा काळाच.
मी घामानं निथळत पुस्तिका उलटसुलट करत होते,
तोवर बाबांनी रॅमच्या पट्टीवर दोन अंगठे टेकले.
खट्.
"एकच बाजू बसली होती," ते म्हणाले. "मघाशी एकदाच वाजलं."

आता मे संपत आलाय.
अजून काही जळालेलं नाही.
म्हणजे बाबांचंच बरोबर होतं असं काही ठरत नाही,
न जळालेल्या गोष्टीचा पुरावा कुठून आणायचा?
जिन्याचा छेद घेताना पडदा अजून पांढरा पडतो.
मी उठते, पाणी पिऊन येते, तोवर जिना आलेला असतो.

काल कॅलेंडरचं ते पान सापडलं.
पेन्सिलीतली बेरीज पहिल्यांदाच नीट वाचली.
प्रोसेसर, बोर्ड, पंखे, डिस्क,
प्रत्येकापुढं शेडातल्या वहीसारखे उभे, जाड आकडे.
रॅमपुढं त्यांनी भार धरलाय
दोन पट्ट्यांचा.