पाऊण मिलिमीटर

दर दुसऱ्या गुरुवारी तो येतो,
सुफियान मुकादम, मूळ दाभोळचा,
शारजात, रोलातल्या आमच्या क्लिनिकात, चाकांच्या खुर्चीवर.
ढकलायला खोलीतलाच कुणीतरी,
ज्याची त्या दिवशी रात्रपाळी.

दोन्ही मांड्यांत सळ्या आहेत त्याच्या.
इझमीरला जाऊन घालून आलाय.
आधी हाडं कापली, मग सळी,
आता एक यंत्र मांडीवर धरायचं, दिवसातून चारदा.
लोहचुंबकानं आत काहीतरी फिरतं
आणि माणूस रोज एक मिलिमीटर लांबतो.

"अंथरूण पाहून म्हणतात ना ताई," पहिल्या दिवशी तो म्हणाला,
"माझं अंथरूण बंकबेडचं, सहा फुटी.
पायच पोचत नव्हते."
हसला. हसताना मांडी गच्च धरली.

इथले हाडांचे डॉक्टर हात लावत नाहीत.
ज्यानं घातली त्यानं निस्तरावं, म्हणतात,
आणि त्यांचंही काही चुकत नाही.
म्हणून मी फिल्म काढते. समोरून, बाजूनं.
शेजारी स्टीलची गोळी चिकटवते, पंचवीस मिलिमीटरची,
तिकडे मोजताना दगा नको.

मग फोनवर डॉक्टर तुंजाय येतात.
कधी गाडीतून, कधी घरातून,
मागे मुलगी पियानो बडवत असते.
पंजा वर. गुडघा सरळ. अजून.
दुखतं? कुठे? बोटानं दाखव.
बोट दिसावं म्हणून मी फोन खाली नेते
आणि दोन समुद्रांपलीकडून एक माणूस
भुवया जवळ आणून दुसऱ्याची मांडी बघत राहतो.

नवं हाड आधी हाड नसतंच.
तापवलेलं दूध झाकून ठेवावं
तशी फटीत साय धरते, पातळ, कडेकडेनं.
तिसऱ्या भेटीत डावीकडे धरलीच नव्हती.
डॉक्टर म्हणाले, तू पुढे चाललास, हाड मागे राहिलं.
एक नको आता. पाऊण.

पुढच्या खेपेला टेबलावर आडवं होता होता
त्यानं छताकडे बघत विचारलं,
"ताई, थोडं तिरकं काढता येईल?
फट भरल्यासारखी दिसेल असं?"

येतं काढता.
किती अंशांत काय लपतं
मला एकोणीस वर्षांत पाठ झालंय.
त्याची तेरा वर्षांची शिल्लक त्या फटीत आहे.
घरी सांगितलंय, कंपनीच्या ट्रेनिंगला गेलो होतो.
माझा हात नळीवर थांबला. खोटं का बोलू, थांबला.
मग मी गोळी चिकटवली
आणि सरळ काढलं.

तिकडून फोन आला नाही, दोन ओळी आल्या.
थांबा. पाचवर पुरे.
ठरले होते आठ.
त्या दिवशी तो माझ्याशी बोलला नाही,
त्यानंतर दोन गुरुवारही नाही.
श्वास धर म्हटलं की धरायचा,
सोड म्हटलं तरी धरूनच ठेवायचा.

पैसे भरले होते त्यात सहा फोन होते.
ते संपले.
सातवा ईदनंतर आपणहून आला,
भर दुपारी, माझ्याच नंबरवर.
तो कुठाय? चालवून दाखवा.
मी म्हटलं, आज त्याचा वार नाही.
मग बोलवा, म्हणाले.

आला. एक कुबडी, दुसरी गाडीत विसरून.
कॉरिडॉरमध्ये आठ पावलं गेला, आठ आला.
मी फोन जमिनीजवळ धरून मागे मागे सरकत होते
आणि डॉक्टर काही बोलत नव्हते,
पियानोही नव्हता.
टाच आधी, एवढंच एकदा म्हणाले.

घरी अजून कुणाला कळलेलं नाही.
व्हिडिओवर नुसता चेहरा दिसतो,
अम्मी म्हणते, वाळलास.
खालच्या अल्टरेशनवाल्यानं त्याच्या पँटी उसवून दिल्यात,
पाच पँटी, पन्नास दिरहम,
पण जुन्या दुमडीची फिकट रेघ राहिलीय घोट्याच्या वर,
किती धुतली तरी जात नाही म्हणाला.

मी ती रेघ बघते, सवयीनं.
डावीकडे पाच.
उजवीकडे, मला वाटतं, किंचित जास्त.
गोळीशिवाय नक्की सांगता येणार नाही.